पुण्याच्या बागेत गुलछडी: कंद निवडण्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत

बागकामाला नव्यानं सुरुवात करणारे बरेच जण विचारतात, पिओनीचे कंद पुण्यात कुठे मिळतील? लग्नाच्या सजावटीत आणि मोबाइलवर दिसणारं ते गच्च पाकळ्यांचं गुलाबी फूल मोह पाडतंच. पण पिओनी थंड मुलखातली. जमिनीत झोपलेल्या तिच्या डोळ्यांना हिवाळ्यात कित्येक आठवडे ५ अंशांच्या आसपासची थंडी मिळाली, तरच पुढच्या वसंतात कळ्या धरतात. हिमालयाच्या पश्चिम भागात तिची एक जात रानातच उगवते, ती याच थंडीच्या जोरावर. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, काही रात्री त्याखालीही जातो, पण दुपारी पुन्हा तिशीकडे चढतो. एवढ्यानं पिओनीचं भागत नाही. महागडा कंद आणलात तर पहिल्या वर्षी थोडी पानं दिसतील आणि नंतर झाड खंगत जाईल. कुंडीत बर्फ ओतण्याचे सल्ले कुणी दिले तरी त्यात पैसे आणि वर्षं घालवू नका.

पिओनीत आपल्याला काय आवडतं? एकदा लावली की वर्षानुवर्षं जागेवर राहते, लांब दांड्यावर फुलते, सुवास देते आणि फुलदाणीत टिकते. हे सगळं देणारी आणि पुण्याचं ऊन मानवणारी वनस्पती आपल्या ओळखीचीच आहे: गुलछडी, म्हणजे निशिगंध. ती मूळची मेक्सिकोची, म्हणून २० ते ३० अंशांचं हवामान तिला फार भावतं. पुण्यात जून ते नोव्हेंबर बहुतेक दिवस तसेच असतात. नवख्या माणसानं कंदवर्गातलं पहिलं झाड हेच लावावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी कंद कसा वागतो ते समजून घ्या

गुलछडीबद्दलच्या बहुतेक तक्रारी एकाच गोष्टीतून येतात. "पहिल्या वर्षी छान फुललं, दुसऱ्या वर्षी नुसती पानं." याचं कारण असं, की एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या शेंड्यातून फुलदांडा निघाला की त्या कंदाचं काम संपलं. पण तो वाढत असतानाच त्याच्या बाजूनं लहान पिल्लं धरतात. पुढच्या वर्षीची फुलं द्यायची ती या पिल्लांनी, आणि तीही पुरेशी जाड झाली तरच. म्हणजे आपण एक झाड वाढवत नसून जमिनीखाली एक कुटुंब सांभाळत असतो. आज आजी फुलते आहे, तेव्हाच नातवंडांच्या पोटाकडे बघायला हवं.

हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या सगळ्या सूचनांचं कारण आपोआप कळतं: मोठा कंद का घ्यायचा, अंतर का ठेवायचं, फुलं संपल्यावर पानं का कापायची नाहीत, तीन वर्षांनी का उकरायचं.

कंद कुठून आणि कसा घ्यावा

हडपसर, मांजरी, उरुळी कांचन या सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात रोपवाटिका भरपूर आहेत. फेब्रुवारी ते मे या दिवसांत तिथे कंद विचारा. कुणी शेतकरी ओळखीचा असेल आणि तो जुना प्लॉट मोडत असेल, तर त्याच्याकडचे कंद सगळ्यात उत्तम. ते ताजे असतात, जात खात्रीची असते आणि एक-दोन किलो तो सहज देतो. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारं पुष्पप्रदर्शन हे रोपवाटिकावाल्यांशी ओळख करून घ्यायला चांगलं ठिकाण आहे. तिथेच बोलून ठेवावं आणि उन्हाळ्यात जाऊन कंद आणावेत.

कंद हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. बुडाशी फुगीर आणि वर निमुळता, निदान अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा कंद हवा. दाबला तर टणक लागला पाहिजे. बूड मऊ असेल, बुरशीचा वास येत असेल किंवा मुळांच्या जागी गाठी दिसत असतील, तर तो ढीगच सोडा. एकाच पोत्यातले चांगले निवडून घेण्यात अर्थ नाही, कारण कूज आणि सूत्रकृमी (मुळांवर गाठी आणणारे सूक्ष्म जंत) शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातात. बोराएवढी बारीक पिल्लं स्वस्त मिळतात, पण ती पहिलं वर्ष पोट भरण्यातच घालवतील. पहिल्याच लागवडीत इतका धीर धरायला लागू नये, म्हणून दहा बारीक कंदांपेक्षा पाच जाड कंद घ्या.

जातींचं फार दडपण घेऊ नका. मुख्य प्रश्न एवढाच: सिंगल की डबल? सिंगलच्या फुलात पाकळ्यांची एकच ओळ असते, सुवास जास्त आणि गजऱ्या-हाराला तीच लागते. डबलची कळी बाहेरून किंचित गुलाबी झाक असलेली, फूल भरगच्च आणि दांडा फुलदाणीत देखणा. पिओनीच्या ओढीनं इथवर आलेल्यांना डबल आवडेल. पण पावसाळी, ढगाळ दिवसांत डबलच्या कळ्या कधीकधी अर्धवटच उमलतात, सिंगल तेवढी रुसत नाही. माझ्या मते तीन भाग सिंगल आणि एक भाग डबल हे घरच्या बागेला बरं. नाव विचारून घ्यायचंच असेल, तर सिंगलमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी किंवा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या श्रृंगार आणि प्रज्वल, डबलमध्ये त्याच संस्थेची सुवासिनी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं काढलेल्या रजत रेखाच्या पानांवर रुपेरी पट्टे असतात. फुलं नसतानाही कुंडी शोभते.

जागा आणि माती

दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन. यात तडजोड नाही. उत्तरेकडच्या गॅलरीत गुलछडी पानं देईल, दांडा देणार नाही. दक्षिणेची किंवा पश्चिमेची गॅलरी, गच्ची किंवा सोसायटीच्या कुंपणालगतची मोकळी पट्टी चालते. मोठ्या झाडाखालची जागा टाळा. तिथे सावलीही पडते आणि झाडाची मुळं खत पळवतात.

पुण्यात दोन तऱ्हेच्या जमिनी जास्त भेटतात. नदीकडच्या आणि जुन्या शेतांवर उभ्या राहिलेल्या वसाहतींत काळी, चिकट माती, आणि टेकड्यांच्या उतारावर मुरूम. काळ्या मातीत अन्न भरपूर, पण जुलैच्या झडीत पाणी थांबतं आणि कंद कुजतो. तिथे जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करा आणि मातीत कुजलेलं शेणखत व जाडसर वाळू किंवा बारीक विटांचे तुकडे मिसळा. मुरमाड जागेत पाणी थांबत नाही, पण तिथे कंदाला खायलाही काही नसतं. फूटभर खोल खणून निम्मी पोयटा (गाळाची) माती आणि निम्मं शेणखत भरा. नव्या सोसायट्यांत आणखी एक अडचण असते. बागेच्या जागी बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो आणि त्यातला चुना-सिमेंट माती बिघडवतो. कुदळ मारल्यावर सिमेंटचे ढेकळे निघाले, तर त्या जागेशी झगडू नका, सरळ कुंडीत लावा.

कुंडीसाठी १२ इंच खोलीची आणि तेवढ्याच तोंडाची कुंडी घ्या, बुडाशी निदान तीन-चार भोकं असलेली. अशा कुंडीत तीन कंद पुरेत. मिश्रणाला चार भाग माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू आणि प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट याहून वाढवू नका. गच्चीवरचं वजन कमी करण्यासाठी काहीजण निम्मं कोकोपीट घालतात, आणि पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे ओलं राहून कंदाला घेरतं.

लागवड

पुण्यासाठी माझा मुहूर्त अक्षय तृतीयेच्या आसपासचा. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला लावलेला कंद मृगाचा पाऊस येईपर्यंत मूळ धरून उभा राहतो. लावल्यापासून फूल यायला साधारण ८० ते १०० दिवस लागतात, म्हणजे पहिले दांडे श्रावणात आणि गौरी-गणपतीच्या सुमारास हाताशी येतात. जूनमध्ये लावले तरी येतात, पण कोवळी मुळं आणि धो धो पाऊस एकाच वेळी गाठ पडतात. मार्चमध्ये लावायलाही हरकत नाही, फक्त उन्हाळाभर पाण्याकडे लक्ष हवं.

नुकताच उकरलेला कंद लगेच लावू नका. उकरल्यावर महिना-दीड महिना कोरड्या सावलीत पडून राहिला, की सगळे कंद एकसारखे फुटतात. विकत आणलेल्या कंदांबद्दल रोपवाटिकावाल्याला एवढंच विचारा: कधी उकरले?

लावण्याच्या दिवशी वाळलेली मुळं आणि सैल सालपटं काढा. कंदाला चिकटलेली बारीक पिल्लं अलगद सोडवून वेगळ्या कुंडीत ठेवा. ट्रायकोडर्माची (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर मिळाली तर पाण्यात कालवून कंद त्यात बुडवून घ्या आणि सावलीत तासभर सुकू द्या. रासायनिक बुरशीनाशकाची घरच्या पाच-दहा कंदांना गरज नसते.

आता खोली. इथे घाई करू नका, कारण नवख्यांचे सगळ्यात जास्त कंद इथेच वाया जातात. पाच-सात सेंटिमीटरचा खड्डा करा, कंदाचं बूड खाली आणि निमुळतं टोक वर येईल असा बसवा, आणि टोकावर दोन-तीन सेंटिमीटरच माती येऊ द्या. त्याहून खोल गेला तर कोंब वर यायला उशीर होतो, ताकद वाटेतच खर्च होते आणि ओल जास्त भेटते. अगदी उघडा ठेवला तर मेच्या उन्हात शेंडा भाजतो. दोन कंदांमध्ये जमिनीत २० ते २५ सेंटिमीटर अंतर सोडा. सुरुवातीला वाफा रिकामा वाटेल, पण ती जागा पिल्लांसाठी आहे.

माती हातानं हलकी दाबा, एकदा भरपूर पाणी द्या आणि वरून वाळलेल्या पानांचा पातळ थर पसरा.

पहिले तीन आठवडे: हात आवरा

लावल्यानंतर कंदाला मुळं नसतात. त्याला लागणारं पाणी त्याच्या पोटातच असतं. या काळात रोज पाणी घातलं की कंद मातीतच कुजतो, आणि आपल्याला ते महिन्यानं कळतं. बोट मातीत दोन पेरं घालून बघा. आत कोरडं लागलं तरच पाणी द्या. दोन ते तीन आठवड्यांत गवतासारखी हिरवी टोकं दिसू लागतात. चौथा आठवडा उलटला आणि काहीच दिसलं नाही, तर एकच कंद बाजूनं माती सारून तपासा. टणक असेल तर पुन्हा झाका आणि थांबा.

पानं वीतभर झाली की वागणं बदलायचं. मेच्या कडक उन्हात कुंडीला रोज, जमिनीत दोन-तीन दिवसांआड पाणी. पुण्याच्या कडेच्या अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरी पापडी धरते आणि पानांची टोकं करपतात. अशा वेळी पापडी खरवडून काढा आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्या. पावसाचं पाणी बादलीत साठवून दिलं तर आणखी चांगलं.

खत थोडं आणि वेळेवर. पानं फुटल्यावर महिन्यानं कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत, पुढे दर महिन्याला मूठभर. विरघळणारं खत वापरत असाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरमागे दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. युरिया देऊ नका. त्यानं पानं लांब, लुसलुशीत होतात, मावा (रस शोषणारी बारीक कीड) धावून येतो आणि दांडा मागे पडतो.

पावसाळा आणि फुलदांडा

जुलैत कुंडीखालच्या बशा काढून टाका. बशीत साचलेल्या पाण्यानं कंद कुजतो आणि डासही होतात. कुंड्या दोन विटांवर ठेवल्या की भोकं मोकळी राहतात. रात्री गोगलगायी कोवळा दांडा कुरतडतात. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय.

पानांच्या मधून जाडसर, टोकदार कोंब उभा राहिला की तो फुलदांडा. तो कमरेएवढा वाढतो आणि पावसाच्या वाऱ्यात आडवा होतो. म्हणून तो वीतभर असतानाच शेजारी बांबूची काठी रोवा आणि सुतळीनं सैल बांधा. उशिरा काठी रोवली तर ती पिल्लांच्या अंगातून जाते.

कळ्या खालून वर उमलतात. फुलदाणीसाठी दांडा कापायचा असेल तर खालची दोन-चार फुलं उमलली की सकाळी लवकर किंवा संध्याकाळी धारदार कात्रीनं तिरका छेद द्या आणि लगेच पाण्यात ठेवा. दुपारी कापलेला दांडा मान टाकतो. रोज पाणी बदललं आणि खालची सुकलेली फुलं काढत गेलं, की वरच्या कळ्या आठवडाभर उमलत राहतात. वेणी किंवा देवासाठी सुटी फुलं हवीत तर पूर्ण भरलेल्या कळ्या पहाटे तोडा. आणि निदान एक दांडा झाडावरच ठेवा. अंधार पडला की तिचा वास वाढतो, कारण मेक्सिकोत परागीभवनासाठी तिला रात्रीच्या पतंगांना बोलवायचं असतं. गॅलरीच्या दाराजवळची कुंडी म्हणून कधीही बरी.

कुठे बिघडतं

पानाचा गठ्ठा अचानक ढिला पडला आणि बुडाशी पांढरी बुरशी व मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर ती बुडकूज. तो कंद भोवतालच्या मातीसकट उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. शेजारच्या कंदांचं पाणी आठवडाभर थांबवा.

एप्रिल-मेमध्ये पानांच्या खालून बारीक जाळी आणि वरून फिके ठिपके दिसले, तर लाल कोळी. पाण्याचा जोरकस फवारा पानांच्या खालून मारला तर तो आटोक्यात येतो. माव्याला निंबोळी तेल, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब, उन्हं उतरल्यावर. कळ्या तपकिरी होऊन न उमलता सुकल्या तर फुलकिडे किंवा अतिओल यांपैकी एक कारण असतं. कळी उकलून बघा, बारीक किडे पळताना दिसतात. झाड नुसतंच खुंटलं आणि उकरल्यावर मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. ती माती पुढची दोन वर्षं गुलछडीला वापरू नका. तिथे झेंडू लावा, त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात.

फुलं संपल्यावर

दांडा सुकला की बुडापासून चार बोटं वर कापा, पण पानांना हात लावू नका. नोव्हेंबरपर्यंत ती पानं पिल्लांना पोसत असतात. वाफा अस्ताव्यस्त दिसतो म्हणून अनेकजण याच वेळी सगळं भुंडं करतात किंवा पाणी थांबवतात, आणि पुढच्या वर्षी नुसती पानं येतात ती इथूनच. ऑक्टोबरमध्ये कुंडीमागे पुन्हा दोन मुठी गांडूळखत आणि थोडी लाकडाची राख द्या. कंद भरायला पालाश लागतं. नोव्हेंबरपर्यंत पाणी नेहमीसारखं चालू ठेवा.

थंडी पडली की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. आता पाणी हळूहळू कमी करा, जानेवारीत दहा-बारा दिवसांतून एकदा शिंपडलं तरी पुरे. वाळलेली पानं हातानं ओढून सहज निघाली तरच काढा. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की वरची दोन इंच माती मोकळी करून ताजं शेणखत नव्हे, चांगलं मुरलेलं शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. दुसऱ्या वर्षी एका कंदाच्या जागी तीन-चार दांडे दिसले, तर मागच्या वर्षीची काळजी बरोबर होती.

तिसरं वर्ष

तिसऱ्या पावसाळ्यानंतर गड्डा इतका दाटतो की दांडे बारीक आणि फुलं विरळ होतात. मग फेब्रुवारीत, पानं सुकल्यावर, कुंडी उलटी करा किंवा वाफ्याच्या बाजूनं फूटभर अंतरावर फावडं घालून आख्खा गड्डा वर घ्या. माती झटका, धुऊ नका. मधला फुलून रिकामा झालेला, सुरकुतलेला कंद फेकून द्या. बाजूच्या कंदांचे तीन ढीग करा: अडीच सेंटिमीटरहून जाड, मधले आणि बारीक. जाड कंद जाळीच्या पिशवीत किंवा बांबूच्या टोपलीत, वारा लागेल अशा सावलीत महिना-दीड महिना टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत आणि फ्रिजमध्ये मुळीच नको. आठवड्यातून एकदा हलवून बघा आणि मऊ पडलेला कंद लगेच वेगळा काढा.

मधले कंद त्याच वाफ्याच्या कडेला लावा, ते वर्षभर उशिरा फुलतील. बारीक कंदांना एका उथळ ट्रेमध्ये दाटीनं लावून वाढवा, किंवा ज्यांना दोन वर्षं थांबायची तयारी आहे अशा शेजाऱ्यांना द्या. देताना जात सिंगल की डबल ते कागदावर लिहून पिशवीत घाला. जाड कंदांची कुंडी नव्या मातीनं भरून एप्रिलच्या शेवटी पुन्हा लावायला घ्या. जुनी माती फेकू नका. उन्हाळाभर गच्चीवर पसरून तापवली आणि निम्मं शेणखत मिसळलं, की ती मिरची-वांग्याला चालते.